चाळणीखालचं रक्त

१

निरोगी माणसाच्या चाळणीवर काही दिसायचं नसतं. मायक्रोस्कोपखाली नुसत्या बारीक भोकांच्या रांगा, काळ्या आणि कंटाळवाण्या. त्या कंटाळ्यावरच या प्रयोगशाळेचा सगळा भरवसा होता.

काम तसं सांगायला सोपं. पेशंटचं रक्त सलाइननं पातळ करून चाळणीतून सोडायचं. रक्तातल्या साध्या पेशी लहान आणि लवचीक, त्या अंग चोरून खाली उतरतात. कर्करोगाच्या गाठीपासून सुटून रक्तात भटकणारी पेशी मात्र थोराड असते, ती वर अडकते. मग तिला रंग द्यायचा आणि शोधत बसायचं. इथे येणारे पेशंट दुर्मीळ गाठींचे, प्रत्येकाचा रंग वेगळा. तो रंग उगाच कशालाही चिकटत नाही ना, हे कळावं म्हणून दर पेशंटच्या जोडीला एका निरोगी माणसाचं रक्तही त्याच रंगातून काढायचं. हा निरोगी माणूस म्हणजे प्रयोगशाळेतलंच कुणीतरी, आळीपाळीनं.

त्या सकाळी मायक्रोस्कोपवर बसलेल्या मुलीनं आधी पेशंटची चाळणी पाहिली. कोरी. मग निरोगी चाळणी लावली आणि ती एकदम गप्प झाली. ती मुलगी गप्प बसणारी नव्हती, म्हणून सगळ्यांचं लक्ष गेलं.

"मॅडम, जरा येता का?"

मॅडम आल्या, चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. काळ्या भोकांच्या मधोमध चार-पाच मोठ्या पेशी बसल्या होत्या, हिरव्या उजळलेल्या.

निरोगी रक्त कुणाचं होतं, असं त्यांनी विचारलं. मुलीनं नुसतं वळून सिंकपाशी काचा धूत उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

२

ती बाई घरात धाकटी आणि कामावरही धाकटीच. तिची थोरली जाऊ याच इस्पितळात खालच्या मजल्यावर, रक्त काढायच्या खोलीत नर्स होती. धाकटीला इथली नोकरी लागली तीही थोरलीनं शब्द टाकला म्हणून. बाळंतपणात उशाशी बसून राहिली ती थोरली, पहिली अंघोळ घातली ती थोरलीनं. उपकार एवढे झाले होते की उघड राग धरायला जागाच उरली नव्हती, आणि न धरलेला राग आतल्या आत मुरत गेला होता.

राग एकाच गोष्टीचा. धाकटीची नऊ महिन्यांची लेक काकूकडे झेपावायची. आईच्या कडेवर असली तरी थोरलीचा आवाज ऐकला की मान मागे टाकून तिला शोधायची. ठकी हे नावसुद्धा थोरलीनं पाडलेलं. धाकटीनं दोन चांगली नावं काढून ठेवली होती, ती राहिली कागदावर. थोरलीला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, पाळीचं गणित कधी जुळलं नाही, आणि मग तिनं तो विषय माळ्यावर टाकला तो कायमचाच. त्यामुळे धाकटीला तिच्यावर जळायचीही चोरी होती. जिला देवानं दिलं तिनं जळायचं कशाला, असं ती स्वतःलाच बजावायची आणि तरी जळायची.

जळणाऱ्या माणसाला सगळं दिसतं. थोरली ठकीचे मोजे दोनदा दुमडते, धाकटी एकदा. कालच पाळणाघरातून ठकीला घेताना मोजे दोनदा दुमडलेले होते. म्हणजे पाळणाघरातल्या बाईंनीही थोरलीचीच पद्धत उचलली, असं मनात येऊन धाकटीनं जिन्यातच ते सरळ केले होते.

आता मॅडमनी तिला आत बोलावून दार लावलं.

त्या हिरव्या रंगाचा अर्थ दोघींनाही माहीत होता. काल ज्या पेशंटचं रक्त तपासलं ती एक तरुण बाई होती. बाळंतपणानंतर तिच्या पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेचा काही अंश मागे राहिला आणि त्याची गाठ झाली. लाखांत एखादीला होणारी. औषधं पूर्ण झाली होती, रक्त कोरं निघालं की ती घरी जाणार होती. हिरवा रंग फक्त वारेच्या पेशींना लागतो, ज्या गरोदरपणाचं हार्मोन तयार करतात त्यांना. जिच्या रक्तात त्या शोधत होते त्या पेशंटच्या चाळणीवर त्या नव्हत्या, आणि धाकटीच्या होत्या. अशी गाठ साध्या, सुरळीत बाळंतपणानंतरही होते, हे धाकटीला कुणी वेगळं सांगायला नको होतं. त्या पेशंटची हकीकत वाचली त्या दिवशी तिनं घरी जाऊन ठकीला झोपेतून उचलून घेतलं होतं.

मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस, ट्यूबांची अदलाबदलही असू शकते, आधी तुझं आणि त्या पेशंटचं, दोघींचं हार्मोन तपासू. त्यांनी स्वतः तिचं नवीन रक्त काढलं. धाकटीनं एकच विनंती केली, की हे खाली थोरलीला कळू देऊ नका.

"का गं? जाऊ आहे ना तुझी?"

"म्हणूनच."

संध्याकाळी घरी गेली तर थोरली आधीच पोचलेली, ठकीला घेऊन खिडकीत उभी. रोज ती ठकीला डाव्या कडेवर घ्यायची. आज उजव्या कडेवर घेतलं होतं आणि डाव्या हातानं चमचा धरून भरवायची कसरत चालली होती. निम्मं ठकीच्या हनुवटीवर. धाकटीनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, हिलाही सगळं जमतंच असं नाही. मग त्या विचाराचीच तिला लाज वाटली. ठकीला ओढून घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून पाजत बसली. मी नसले तर ही पोर महिनाभर तरी मला शोधेल का, असं तिच्या मनात आलं. उत्तर तिला नको होतं.

नवऱ्याला सांगितलं, तर तो काही नसेल गं म्हणाला आणि मग गॅलरीत जाऊन कितीतरी वेळ उभा राहिला.

३

दुसऱ्या दिवशी हार्मोनचे आकडे आले. दोघींचंही शून्य.

धाकटीला वाटलं, सुटले. पण मॅडमच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्यांचं म्हणणं असं, की पेशी दिसतात आणि हार्मोन नाही, हे कोडं अंगावर ठेवून मी तुला घरी पाठवू शकत नाही. गाठ अगदी नुकती रुजलेली असू शकते. तुझी नवीन चाळणी कोरी आली, पण या कामात एका कोऱ्या चाळणीला काही किंमत नाही, ते तूच पेशंटना समजावतेस. तेव्हा उद्या स्कॅन. त्यासाठी शिरेतून किरणोत्सारी औषध जाईल. त्या दिवशी बाळाला जवळ घ्यायचं नाही, दूध काढून फेकायचं. पुढे काही निघालंच तर अंगावरचं पाजणं कायमचंच थांबवावं लागेल.

मॅडम बराच वेळ बोलत होत्या. धाकटीच्या कानात एवढंच शिरलं, की उद्या ठकी थोरलीकडे. आणि काही निघालं तर परवाही, तेरवाही, आणि पुढे कधी थांबणार ते कोण सांगणार.

त्या पेशी माझ्या नाहीतच, हे उद्याच्या आत सिद्ध करायला हवं होतं.

माझ्या नाहीत, तर मग कुणाच्या? अदलाबदल झाली असेल तर त्या पेशंटच्या. पण तिचंही हार्मोन शून्य, आणि तिचं रक्त वर वॉर्डात दुसऱ्याच नर्सनं काढलेलं. दोन्ही ट्यूब एकत्र आल्या त्या थेट प्रयोगशाळेत. म्हणजे जे काही झालं ते प्रयोगशाळेतच. आणि प्रयोगशाळेत नवी होती.

नवी म्हणजे मायक्रोस्कोपवरची ती मुलगी. धाकटी बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिची जागा सांभाळायला आली आणि जागेवरच राहिली. धाकटी परतली तर तिची खुर्ची दुसरीच्या मापानं उंच केलेली, तिचा मायक्रोस्कोप दुसऱ्या डोळ्यांना लावलेला, आणि मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, हिचा डोळा बघा, काय तयार आहे. तेव्हापासून धाकटी चाळण्या लावायची, रंग द्यायची आणि काचा धुवायची. रंग बरोबर लागतो का हे बघायला वारेच्या पेशी बाटलीत वाढवून ठेवलेल्या असत. त्यातला एक थेंब निरोगी रक्तात टाकला की झालं. धाकटीच्या कामावर कायमचं बोट.

ती नवीपुढे जाऊन उभी राहिली आणि आडवळण न घेता विचारलं.

नवी चिडली नाही. तिनं डोळे मायक्रोस्कोपवरून काढले आणि म्हणाली, "कुठल्या बाटलीतून टाकू? बुरशी लागली म्हणून मॅडमनी सगळ्या बाटल्या गेल्या आठवड्यात तुमच्याच हातानं ओतायला लावल्या ना. नव्या अजून यायच्यात."

खरंच होतं. फेस येईपर्यंत औषध घालून धाकटीनंच त्या सिंकमध्ये रित्या केल्या होत्या.

"पण खरं सांगू?" नवी म्हणाली. "त्या पेशी दिसल्या ना, एक क्षण मला बरं वाटलं. म्हटलं, हिचं काहीतरी चुकलं एकदाचं. मग कळलं की चुकलं नसेल तर काय असू शकतं. घरी जाऊन घास उतरला नाही मला."

माझं काय चुकायला हवं होतं तुला, असं धाकटीनं विचारलं. तर नवीच्या पोटातलं बाहेर आलं. धाकटी परत आल्यापासून मॅडम ऊठसूट म्हणतात, धाकटीला विचार, रंग धाकटीलाच देऊ दे, तिच्या हाताला चाळणी फाटत नाही. मी नुसती बघणारी. उद्या मशीन आलं की बघायला मशीन बसेल, पण तुमचा हात कुठून आणणार.

आपल्यावरही कुणी जळत असेल हे धाकटीच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिला जरा बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचंही मग वाईट वाटलं.

"तुमची ट्यूब खालून मीच आणली," नवी म्हणाली. "हातातसुद्धा दुसऱ्या कुणाच्या दिली नाही. चांगली कोमट होती, तशीच आणून तुमच्यासमोर ठेवली."

धाकटी जायला वळली होती, ती थांबली.

कोमट? रक्त देऊन ती वर आली होती, चहा प्यायली होती, चाळण्या ओल्या करून बसवल्या होत्या, आणि ट्यूब अजून कशी आली नाही म्हणून नवीला खाली पिटाळलं होतं. तेवढ्या वेळात ट्यूबमधलं रक्त थंडगार व्हायला हवं होतं.

४

आता इथल्या माणसांची एक खोड सांगायला हवी. चाळणीवर काय राहिलं यावरच सगळ्यांचे डोळे. कोट्यवधी पेशींत एक शोधायची, तर बाकीच्या कोट्यवधींकडे बघायला सवड कुणाला? चाळणीतून खाली गळलेलं रक्त एका बाटलीत जमतं, रिपोर्ट जाईपर्यंत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पडून राहतं आणि मग ओतून देतात. त्याला तिथे सगळे धुवणच म्हणत. दोन दिवस मॅडम, नवी आणि धाकटी, तिघी शिकल्यासवरलेल्या बायका, त्या चार-पाच हिरव्या पेशी उलट्यासुलट्या करून बघत होत्या. ज्या रक्तातून त्या निघाल्या ते बाटलीभर रक्त पाठीमागे फ्रीजमध्ये होतं, आणि तिकडे एकीचीही मान वळली नव्हती.

धाकटीनं फ्रीज उघडला.

दोन बाटल्या होत्या, एकीवर पेशंटची चिठ्ठी, दुसरीवर तिची. रक्तगट बघायला काही मोठी तयारी लागत नाही. काचेवर दोन थेंब रक्ताचे, एकावर ए गट ओळखणारं निळं औषध, दुसऱ्यावर बी ओळखणारं पिवळं. काच हळूहळू डोलवायची. गट असेल त्याप्रमाणे रक्त दाणेदार होतं, नसेल तर गुळगुळीत राहतं. पहिल्या वर्षाला शिकवतात.

आधी पेशंटची बाटली. निळ्यात दाणे आले. ए. पेशंटच्या कागदावरही ए गटच होता. म्हणजे ती ट्यूब जिथली तिथेच होती, आणि ती बाई खरोखरच बरी झाली होती.

मग स्वतःची. धाकटीचा गट बी. पिवळ्यात दाणे यायला हवे होते. तिनं काच डोलवली. पुन्हा डोलवली. निळा थेंब गुळगुळीत राहिला, पिवळाही राहिला. तिनं काच खिडकीपाशी नेली, आणि मग बोट टोचून आपलं ताजं रक्त शेजारी घेतलं. त्याला पिवळ्याबरोबर लगेच दाणे सुटले. औषध ठीक होतं.

चिठ्ठी तिची होती, रक्त ओ गटाचं होतं. तिचं नाही, पेशंटचंही नाही. मधे कुणीतरी तिसरी बाई होती.

ती तिथेच स्टुलावर बसली. आधी तिनं डोळे मिटून घेतले. मला काही झालेलं नाही, हे तिनं मनातल्या मनात तीनदा म्हटलं. मग डोळे उघडले, आणि भिंतीवरच्या खुंटीला लटकणारं आपलं आयकार्ड तिला दिसलं. प्रत्येकाच्या कार्डावर फोटोखाली रक्तगट छापलेला असतो. मॅडमचा ए. नवीचा बी.

ओ गटाचं कार्ड ती रोज घराच्या दारामागे लटकलेलं बघायची.

५

मॅडमकडे लगेच जावं असं तिला वाटलं, पण ती गेली नाही. नुसता गट सांगून भागणार नव्हतं. थोरलीनं तिच्या चिठ्ठीच्या ट्यूबमध्ये स्वतःचं रक्त का भरावं? धाकटीचं रक्त तिनं काढलं होतं, धाकटीच्या डोळ्यांदेखत ट्यूब भरली होती. ती ट्यूब गेली कुठे? मनात एक काळा विचार येऊन गेला. मला घाबरवायला? ठकी तिच्याकडे यावी म्हणून? विचार घाणेरडा होता, हे तिला कळत होतं. पण तो गेला नाही. दाराशी उभा राहिला.

मग तिनं जे दिसलं होतं ते एकापुढे एक ठेवलं. ट्यूब कोमट, म्हणजे तिचं रक्त काढून बराच वेळ झाल्यावर दुसऱ्यांदा काढलेलं. ठकी उजव्या कडेवर. नर्स एकटी असली आणि तिनं आपलंच रक्त आपण काढलं, तर उजव्या हातात सुई धरून ते डाव्या हातातून काढेल, आणि असं अवघडून काढलं तर कोपरात चांगलं काळंनिळं पडेल. तिथे पोर टेकवणार नाही. इथपर्यंत जुळलं.

आणि मोजे? ते तिला आठवले आणि ती उठलीच. पाळणाघर इस्पितळाच्या मागच्याच गल्लीत होतं.

पाळणाघरातल्या बाई एका बाळाला पायावर घेऊन थोपटत होत्या. धाकटीनं सहज विचारावं तसं विचारलं, की परवा सकाळी ठकी फार रडली होती का हो. बाई म्हणाल्या, फार म्हणजे काय, निळी पडायची वेळ आली होती. काही केल्या ऐकेना.

"मग मला फोन नाही केला?"

बाई जरा घुटमळल्या. "मोठ्या बाईंना केला होता. नेहमी त्यांनाच करते. त्या येतात पटकन, आणि ती त्यांच्याकडे राहतेही. तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी."

नेहमी, हा शब्द धाकटीच्या काळजात जाऊन बसला.

६

थोरली त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. ठकी जमिनीवर झाकणं आपटत बसलेली. धाकटीनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि म्हणाली, "वहिनी, डावी बाही वर करा."

थोरलीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. नाही-हो केलं नाही. बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला तळहाताएवढं निळंजांभळं झालं होतं, कडेनं पिवळं पडायला लागलेलं.

मग तिनं सांगितलं. धाकटीचं रक्त काढलं आणि धाकटी वर गेली तोच पाळणाघराचा फोन आला. ठकी श्वास रोखून धरत होती. ट्यूब भरल्या भरल्या ती हळूहळू उलटीसुलटी करायची असते, नाहीतर आतलं औषध मिसळत नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते थोरली विसरली आणि ट्यूब स्टँडला लावून पळत सुटली. ठकीला शांत केलं, मोजे घातले, परत आली, तर ट्यूबमध्ये गुठळी. तसं रक्त चाळणीत गेलं तर चाळणीच फुकट जाते.

"मला परत बोलवायचं," धाकटी म्हणाली.

"आणि काय सांगायचं? तुझी पोर रडत होती आणि मला फोन आला, तुला नाही?" थोरली तिच्याकडे न बघता बोलत होती. "तुझं तोंड बघते ना मी रोज. ती माझ्याकडे आली की तू कशी बघतेस ते. त्या बाईंना कितीदा सांगितलं, आधी आईला करा. ऐकत नाहीत." मग म्हणाली, "खरं म्हणजे मीही फार जोर लावून नाही सांगितलं. मला आवडायचं ते. फोन यायचा ते."

ठकीनं एक झाकण ओट्याखाली घरंगळवलं.

निरोगी रक्त म्हणजे काय, कुणाचं तरी धडधाकट माणसाचं, असं थोरलीला वाटलं होतं. मी काय आजारी आहे? काढलं आपलंच, लावली तुझीच चिठ्ठी. कुणाचं नुकसान होणार होतं?

धाकटीनं मग दोन दिवसांचं सगळं सांगितलं. हिरव्या पेशी, मॅडमचं दार, उद्याचा स्कॅन. सांगता सांगता तिचा आवाज चढला, कारण इतके तास गिळलेलं एकदम वर आलं. वहिनी, मी माझ्या लेकीला तुमच्या ओटीत घालायची तयारी करत होते, कळतंय का तुम्हाला?

थोरलीनं ओट्याची कड धरली.

"तुला काही नाही ना पण?" एवढंच तिनं विचारलं. "ते माझं होतं. म्हणजे तुला काही नाही."

ते माझं होतं. धाकटीच्या डोक्यात ते वाक्य जरा उशिरा शिरलं. सुटकेच्या भरात तिनं पुढचा हिशेबच केला नव्हता. रक्त थोरलीचं. मग त्या हिरव्या, वारेच्या पेशीही थोरलीच्याच.

७

जिला कधी दिवस गेले नाहीत तिच्या रक्तात वारेच्या पेशी येतील कुठून? गाठ धरायला आधी वार तरी व्हायला हवी. वारेच्या पेशी रक्तात उतरायला लागतात त्या पहिल्या दीड-दोन महिन्यांतच, पोट दिसायच्या कितीतरी आधी. म्हणून तर निरोगी रक्त घेताना प्रत्येकीला विचारतात, दिवस गेलेत का. आपलंच रक्त काढताना थोरलीला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं स्वतःला विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

धाकटीला समजलं, थोरलीला अजून नाही. ती बिचारी जाऊ वाचली म्हणून पदरानं डोळे पुसत होती.

आणि त्या घटकेला धाकटीच्या मनात आनंद आला नाही. तिनं पुढे स्वतःशी ते कधी नाकारलं नाही. पहिल्यांदा आली ती ठकी. थोरलीच्या मांडीवर दुसरं कुणी बसलंय आणि माझी पोर खाली उभी राहून तिची साडी ओढतेय, असं तिला स्वच्छ दिसलं. नऊ महिने ज्या मांडीवरून तिनं पोर ओढून काढली, तीच मांडी आता जाणार म्हणून तिचा जीव तळमळला. ही कसली बाई मी, असं तिला वाटलं. गप्प राहावं, आणखी दोन दिवस ठकीला तिची काकू आख्खी मिळू द्यावी, असंही वाटून गेलं.

मग तिनं थोरलीच्या त्या निळ्या पडलेल्या हाताला धरलं आणि खुर्चीवर बसवलं.

"वहिनी, तुमची पाळी कधी आली होती?"

थोरलीनं नाक ओढलं. माझ्या पाळीचं काय घेऊन बसलीस, ती कधी वेळेवर येते, दोन-दोन महिने पत्ता नसतो, असं काहीबाही ती पुटपुटली. पुटपुटता पुटपुटता थांबली. तीही नर्स होती. तिनं धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं.

"माझी थट्टा करू नकोस हं," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "बाकी कशाचीही कर."

दुसऱ्या दिवशी स्कॅन झाला नाही. थोरली स्वतः मॅडमपुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी आधी तिची यथेच्छ हजेरी घेतली. एका खोट्या चिठ्ठीपायी एका पोरीला उगाच स्कॅनखाली घालायला निघाले होते मी, यापुढे निरोगी रक्ताला तुमचा हात लागता कामा नये. मग त्यांनी थोरलीचं रक्त तपासायला लावून तिच्या हार्मोनचा आकडा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंना स्वतः फोन लावला. नवीनं त्या चार-पाच पेशी धाकटीला पुन्हा दाखवल्या. आपणहून खुर्चीवरून उठून दाखवल्या.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं, घाईघाईनं, थांबायचं नाव नाही. थोरली आडवी पडून ते बघत राहिली. रडलीही नाही. तिला विश्वास ठेवायला अजून सवड मिळाली नव्हती.

बाहेर बाकावर बसल्यावर तिनं ठकीला मागितलं. धाकटी तिला पाळणाघरातून घेऊन आली होती. पण नेहमीसारखं थोरलीनं ठकीला उचललं नाही. नुसती बोटं धरून म्हणाली, "तू आता आईकडेच राहा गं बाई. आजपासून तुझ्या आईला त्रास नाही माझा."

धाकटीला ते लागलं. दोन दिवसांपूर्वी हेच ऐकायला तिनं काय दिलं नसतं. तिनं ठकीला उचललं आणि थोरलीच्या उजव्या बाजूला टेकवून बसवलं.

"वहिनी, एक सांगून ठेवते. त्याच्यापायी माझ्या लेकीला कमी पडलेलं मला खपणार नाही."

थोरलीनं चमकून बघितलं. मग इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

"अगं बाई, तो तांदळाएवढा आहे अजून. त्याच्यावरसुद्धा जळायला लागलीस?"

"लागले," धाकटी म्हणाली आणि ठकीच्या पायातून निसटलेला मोजा शोधायला बाकाखाली वाकली.